मुलीला निसर्गातलं इंग्रजी नाव: गावाच्या तोंडी वाकलं तरी गोड राहील ते निवडा

ताई, आधी लेकीचं मनापासून स्वागत. तुमचा प्रश्न इतरांनाही नीट कळावा म्हणून थोडक्यात मांडते. तुमचं सासर दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात. मुलगी अठरा दिवसांची. तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना निसर्गातलं, पण इंग्रजी नाव हवं आहे, आणि यादी पाचाची केली आहे: विलो, आयव्ही, हेझल, समर, स्काय. सासूबाई म्हणतात, "काहून वं, आपल्याकडं नावाईचा दुकाय पडला का?" आजेसासूबाई काहीच बोलत नाहीत. त्यांचं स्वतःचं नाव शेवंतीच्या फुलावरून आहे, हे तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात. शेवटी विचारलंत की यातलं कोणतं ठेवू आणि गावात लोक हसतील का.

मी यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं, बहुतेक वेळ इंग्रजी. शेवटची ११ वर्षं मुख्याध्यापिका होते. जून महिना आला की दाखल-खारीज रजिस्टर माझ्यापुढे उघडं असायचं आणि एकेक बाप, एकेक माय पोराचा हात धरून नाव सांगायला उभी राहायची. पुढची दहा वर्षं त्या नावाचं काय होतं, हे मी वर्गात, मैदानावर आणि दाखल्यांवर पाहिलं आहे. तेवढ्या आधारावर लिहिते.

गाव हसेल का, हा प्रश्न मनातून काढून टाका. गाव आठ दिवस हसतं, मग त्याच नावानं हाका मारायला लागतं. खरी अडचण वेगळीच आहे. बाहेरून आणलेलं नाव दोन ठिकाणी वाकतं, एकदा माणसांच्या तोंडात आणि एकदा कागदावर. ते वाकणं तुम्हाला थांबवता येणार नाही. वाकल्यावर त्याचं काय होईल, एवढं मात्र आधी पाहता येतं. म्हणून माझी कसोटी एकच असते: वाकलं तरी जे चांगलंच राहील, ते नाव घ्यावं.

तोंडाचं आधी बघू. आपल्या वऱ्हाडी बोलण्याला स्वतःचा वळसा आहे. डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते, पाण्याचं पानी होतं. दोन व्यंजनं जोडून आली की मध्ये एखादा स्वर शिरतो. याला कोणी चूक म्हणू नये. ही जीभ शेकडो वर्षांची आहे आणि तुमच्या लेकीला पहिली हाक याच जिभेनं मारली जाणार आहे. शाळेत मी इंग्रजीचे उच्चार घोकून घ्यायचे, पण कोणाच्या आजीला "असं नाही, तसं म्हणा" असं कधी सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका. आजीनं नातीचं नाव घाबरत घ्यावं, याहून वाईट काय?

आता तुमची यादी या जिभेवर ठेवून बघते.

आयव्ही. इंग्लंडातल्या जुन्या भिंतींवर चढणारी, बारा महिने हिरवी राहणारी ही वेल. अर्थ छान आहे, माया लावून धरून राहणारी. पण आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन लावतात त्यालाही आयव्हीच म्हणतात. "आयव्ही लावली का?" हे वाक्य तापाच्या साथीत प्रत्येक घरी बोललं जातं. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत हे तिच्या कानावर किती वेळा पडेल, विचार करा. हे नाव मी काढून टाकेन.

विलो. नदीकाठचं, लवचीक फांद्यांचं झाड. क्रिकेटची बॅट याच्या लाकडाची होते, म्हणून मुलांना शब्द ओळखीचा असतो. आणि हे झाड आपल्याला अगदीच परकं नाही. नदीनाल्याच्या काठी वाढणारं वाळुंज हे त्याच कुळातलं, त्याच प्रजातीगटातलं. त्यामुळे अर्थाच्या बाजूनं विलो मला आवडतं. इंग्रजी कवितेत मात्र या झाडाला जुन्या काळापासून विरहाची, शोकाची छाया आहे, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. इथे त्यानं काही अडत नाही. अडतं ते मैदानावर. मराठी मुलांच्या कानात विलोला सगळ्यात जवळचा शब्द किलो आहे. "विलो, दोन किलो" हे यमक जुळायला पहिलीच्या वर्गात एक दिवससुद्धा लागणार नाही. मूल सडपातळ असलं तर ते पुढे विसरलं जातं, अंगानं भरलेलं असलं तर तेच वाक्य सातवीपर्यंत टोचत राहतं. कोणतंही नाव ठरवण्याआधी शेजारच्या आठ-दहा वर्षांच्या एखाद्या हुशार पोराला बोलावून "याला काय जुळतं रे?" असं विचारून घ्या. तो जे सांगेल ते मोठ्यांना सुचत नाही.

समर. ताई, हे नाव मी सगळ्यात जास्त थांबून बघायला सांगेन. इंग्रजीत त्याचा अर्थ उन्हाळा, पण देवनागरीत लिहिलं की तो आपलाच शब्द होतो, आणि समर म्हणजे युद्ध. मुलांचं नाव म्हणून ते चालूही आहे. म्हणजे तुमच्या मुलीचं नाव वाचणारा पहिल्यांदा मुलगा समजेल आणि लढाई समजेल, आणि उन्हाळा कोणाच्याच मनात येणार नाही. आणि आलाच, तर कोणता उन्हाळा? ज्या देशात हे नाव मुलींना देतात तिथे हिवाळा लांब आणि काळोखा असतो. उन्हाचे दिवस तिथे आनंदाचे, फिरायचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतप्यात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, विहिरीत पाणी खाली जातं आणि डोक्यावर हंडे घेऊन फिरावं लागतं. शब्द तोच असला तरी ऋतू तो नाही. ऑटम या नावाचंही असंच आहे. तिकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर पानगळीचा काळ. आपल्याकडे त्या दिवसांत सोयाबीन निघतं, कापूस फुटतो, शिवार भरलेलं असतं. आपली पानगळ हिवाळा सरता सरता, आणि त्या उघड्या रानात पळस पेटतो. ऋतूचं नाव ठेवायचं तर आपल्या मातीतला ऋतू बघून ठेवावं.

पावसाची गोष्ट नेमकी उलटी. इंग्रजी बालगीतात पावसाला जा म्हणतात आणि आपण त्याला पैसा देऊन बोलावतो. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरात रेन हे नाव खरं शोभेल. फक्त ते एका अक्षरात संपतं, आणि वावरातून हाक मारताना एका अक्षराचं, व्यंजनावर संपणारं नाव दूर जात नाही. आपली हाक शेवटचा स्वर लांबवून मारली जाते. लिली, रुबी, तारा ही नावं बांधावरून घरापर्यंत पोहोचतात. रेन, फर्न, पर्ल ही ओसरीतच विरतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये याचा विचार कोणी करत नसेल, पण तुमच्या घराला अंगण आहे.

हेझल. यावर माझ्या मनात एक ओझं आहे, ते सांगूनच पुढे जाते. २००९ च्या जूनमध्ये एक वडील मुलीला पहिलीत घालायला आले. नाव विचारलं, ते म्हणाले "हेजल". मी जसं ऐकलं तसं देवनागरीत हेजल लिहिलं आणि खाली इंग्रजीत एच-ई-जे-ए-एल. जन्म दाखल्याची झेरॉक्स त्यांच्या पिशवीत होती, ती मागून बघायला हवी होती. मी बघितली नाही. गर्दी होती, पण ते कारण होत नाही. दाखल्यावर एच-ए-झेड-ई-एल होतं. दहावीचा फॉर्म भरताना आधार आणि शाळेची नोंद जुळेना. तोपर्यंत मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेत होती. तिच्या वडिलांना प्रतिज्ञापत्र करावं लागलं, तालुक्याला चकरा माराव्या लागल्या, आणि रोजमजुरी करणाऱ्या माणसाची एक चकर म्हणजे एक दिवसाची मजुरी. ते माझ्याकडेही आले. एका शब्दानं बोलले नाहीत, उलट चहा घेऊन गेले. त्या दिवसापासून जन्म दाखला समोर ठेवल्याशिवाय मी एकही नाव लिहिलं नाही. झाडाचं म्हणाल तर हेझल हे थंड प्रदेशातलं झुडूप, त्याला खाण्याचं कवचीचं फळ येतं, आणि त्याच्या रंगावरून तपकिरी-हिरवट डोळ्यांना इंग्रजीत हेझल म्हणतात. नाव वाईट नाही. कागदावर ते फार सांभाळावं लागतं, एवढंच.

त्या प्रसंगानंतर मी पालकांना एक साधी परीक्षा करायला सांगू लागले. आवडलेलं नाव देवनागरीत कागदावर लिहा. तो कागद नाव माहीत नसलेल्या माणसाला द्या, गावातला कॉलेजात जाणारा मुलगा असेल किंवा झेरॉक्सच्या दुकानातला असेल. त्याला सांगा, हे इंग्रजीत लिही. मग बघा, तुमचं मूळ स्पेलिंग परत आलं का. विलो बहुतेक वेळा व्ही-आय-एल-ओ होऊन येतं. हेझलचं मी सांगितलंच. डेझी डी-ई-झेड-आय होते. आयरिस ए-वाय पासून सुरू होते. रोझचा शेवट कधी झेडवर, कधी जेवर. लिली आणि रुबी जवळपास बरोबर येतात, फक्त शेवटच्या वायचा आय होतो. फ्लोरा मात्र जशीच्या तशी परत येते, एफ-एल-ओ-आर-ए. तारासुद्धा. ही परीक्षा मी एवढ्यासाठी महत्त्वाची मानते की पुढच्या अठरा वर्षांत तुमच्या मुलीचं नाव किमान वीस-पंचवीस वेळा कोणीतरी अनोळखी माणूस घाईत, तुमच्याकडे न बघता टाइप करणार आहे.

तुमच्या यादीतलं राहिलेलं एक नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. स्काय.

साधारण दहा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पहिलीला एक मुलगी होती, नाव स्काय. वडील पुण्याकडे ड्रायव्हर, मुलगी आजीजवळ. पहिल्याच आठवड्यात शाळा सुटायच्या वेळी तिची आजी फाटकाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माही सकाय सुटली का?" मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं की आजीच्या तोंडात स्काय फोडून सकाय झालं होतं, आणि आपल्या वऱ्हाडीत सकाळीला सकायच म्हणतात. त्या बाईला इंग्रजी आकाश माहीत नव्हतं. तिच्यासाठी नातीचं नाव सकाळ होतं. नाव वाकलं आणि आकाशाची सकाळ झाली. मी वर्गात जाऊन बराच वेळ तोच विचार करत होते. त्यानंतर ते नाव मला कधी परकं वाटलं नाही.

आणखी एक गंमतीची नव्हे, अभ्यासाची गोष्ट. इंग्रजीतला हा शब्द उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता ढग. कोरडवाहू शेती करणाऱ्या घरात मुलीच्या नावाच्या पोटात ढग असावा, याहून आणखी काय हवं? स्पेलिंग मात्र एस-के-वाय एवढंच ठेवा. शेवटी ई लावलेलं जे नाव दिसतं ते स्कॉटलंडच्या एका बेटाचं, आणि ते अक्षर इथे प्रत्येक कार्यालयात गळून पडेल.

यादीबाहेर जायची तयारी असेल तर माझ्या मनात सगळ्यात वर फ्लोरा आहे. रोमन लोकांची फुलांची आणि वसंताची देवी. एखाद्या भागातल्या सगळ्या वनस्पतींना मिळून इंग्रजीत फ्लोराच म्हणतात, म्हणजे पळस, मोह, बहावा, साग, तेंदू, सगळं त्या एका शब्दात आलं. आमच्या शेजारच्या आजींना मी हे नाव म्हणायला लावलं तर त्या पहिल्या फटक्यात "फुलोरा" म्हणाल्या. आणि फुलोरा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. झाडाचा बहर तोही फुलोरा आणि नवरात्रात देवीवर बांधतात तोही फुलोरा. असं नाव क्वचित सापडतं, जे वाकल्यावर जास्तच आपलं होतं.

ॲम्बर या नावाचंही थोडं असंच आहे. इंग्रजीत तो झाडाच्या राळेचा लाखो वर्षांत दगड झालेला मधाळ रंगाचा खडा. इथे वाचणारा अंबर वाचेल, म्हणजे आकाश. दोन्ही अर्थ सुंदर. फक्त अंबर मुलाचं की मुलीचं, हा प्रश्न राहतो. अरोरा म्हणजे पहाटेची रोमन देवता, आणि तो शब्द व आपली वेदांतली उषा एकाच जुन्या मुळातून फुटले आहेत. हे मला फार आवडतं. पण अरोरा ऐकलं की लोक आडनाव समजतात आणि मग खरं आडनाव विचारतात. पहाटेसाठीच डॉन ठेवणारेही असतात. त्यांना मी हात जोडून नको म्हणते, कारण इथे डॉन म्हणजे सिनेमातला गुंड.

बाकीच्या मोहात पाडणाऱ्या नावांबद्दल भराभर सांगते. लुना म्हणजे चंद्र, पण १९७२ पासून आपल्या रस्त्यांवर फिरणारी मोपेड लोकांच्या मनात आधी येते. पॉपी म्हणजे खसखशीचं फूल, आणि तोंडात त्याची पप्पी होते. डेलियाचा दलिया होतो आणि अंगणवाडीत नेमका तोच आठवतो. गाया ही ग्रीकांची पृथ्वीमाता, पण उच्चार कुठे जातो ते तुम्हीच म्हणून बघा. मॅग्नोलिया हे आपल्या सोनचाफ्याच्या प्रजातीचंच शास्त्रीय नाव, अर्थानं अगदी घरचं, पण लांब आहे आणि घरात त्याची मॅगी होईल. जास्मिन चांगलं. शब्द फारसीतून तिकडे गेला, आणि फूल आपल्या दारातल्या जाई-चमेलीच्या कुळातलंच. मायना तर इंग्रजीनं आपल्या मैनेवरूनच घेतलं आहे. म्हणजे मुलीचं नाव मैना ठेवलं तरी ते इंग्रजी शब्दकोशात सापडतं. हे सासूबाईंना सांगून बघा.

आता तुमच्या आजेसासूबाईंकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातली ती एक ओळ मला सगळ्यात मोलाची वाटली. तुम्ही निसर्गातलं नाव ठेवायला निघालात, ही या घरातली पहिली वेळ नाही. आपल्या आज्या-पणज्यांची नावं आठवा: शेवंता, तुळसा, गुलाब, बकुळा, मैना, कोकिळा, चंद्रभागा, गोदावरी. अकोल्याकडच्या पूर्णा नदीचं नावही मुलींना दिलेलं दिसतं. मधल्या दोन पिढ्यांत ती नावं जुनाट वाटू लागली आणि सुटली. तुम्ही इंग्रजीच्या वाटेनं त्याच जागी परत आलात. सासूबाईंना समजावताना "हे नवीन आहे" असं सांगू नका, "आजींसारखंच आहे" असं सांगा. आणि मनात असेल तर एक सरळ धागाही आहे. डेझी आणि शेवंती एकाच कुळातल्या, झेंडू आणि सूर्यफूलही त्याच कुळातले. जुन्या इंग्रजीत डेझी या शब्दाचा अर्थ होता दिवसाचा डोळा, कारण ते फूल उजाडताना उघडतं आणि रात्री मिटतं. पणजी शेवंती आणि पणती डेझी. लोक तिला डेजी म्हणतील, म्हणू द्या. कागदावर मात्र डी-ए-आय-एस-वाय पहिल्या दिवसापासून जपावं लागेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. मुलगी गावात वाढणार की पाच वर्षांनी तुम्ही पुण्या-नागपूरला जाणार? गावातच राहणार असाल तर तोंडाची कसोटी वर ठेवा, जाणार असाल तर कागदाची. पुढे दुसरं मूल झालं तर त्याचंही नाव इंग्रजीच ठेवणार का? एका घरात स्काय आणि ज्ञानेश्वर असायला माझी हरकत नाही, पण मुलं मोठी झाली की त्याचा अर्थ विचारतात, उत्तर तयार असावं. आणखी एक. रोझ, लिली, डेझी ही नावं आपल्या भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांत पिढ्यांपासून आहेत. तुम्ही त्या समाजाचे नसाल तर कोणीतरी कधीतरी विचारेल. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त दोघांनी आधी बोलून घ्या.

नावरस अक्षराचा आग्रह असेल तर पाळण्यातलं नाव त्या अक्षरावरून ठेवा, आत्याला कानात सांगू द्या, बारसं आनंदानं करा. पण लसीकरणाचं माता बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीचं रजिस्टर आणि आधार, या तिन्हीकडे एकच नाव जाऊ द्या. पाळण्यातलं नाव अंगणवाडीत आणि दुसरं जन्म दाखल्यावर, अशी मुलं मी दरवर्षी पाहिली आहेत. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी आईलाच प्रश्न पडतो की खरं कोणतं.

कागदाचं आता नेमकं सांगते, कारण अठरा दिवस झालेत. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत नोंदली गेली पाहिजे. बाळ दवाखान्यात झालं असेल तर ती माहिती दवाखानाच कळवतो, घरी झालं असेल तर घरातल्या कर्त्या माणसानं ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे द्यायची. पण ताई, नोंदीची घाई आहे, नावाची नाही. नावाशिवायही नोंद होते. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणून तीन दिवसांत नाव ठरलंच पाहिजे असं दडपण घेऊ नका. महिना-दोन महिने घरात दोन-तीन नावांनी हाका मारून बघा. मी तर म्हणेन, बाळ ज्या नावाला वळून बघायला लागेल, तोवर थांबलात तरी चालेल.

पण एकदा घातलं की ते दगडावरची रेघ समजा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सगळीकडे जन्म दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. आमच्या काळी शाळेचा दाखला मोठा होता, आता जन्म दाखला. त्यावर इंग्रजीत जी अक्षरं पडतील तीच तिच्याबरोबर शेवटपर्यंत जातील. नंतर बदलायचं तर चकरा माराव्या लागतात, कधी राजपत्रापर्यंत जावं लागतं.

आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवरच्या नावात आपल्या राज्यात आईचं नावही येतं: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. हा नियम मला मनापासून आवडला. मुलांच्या पूर्ण नावात माय कुठेच नसायची, तशीच नावं मी तीस वर्षं लिहीत आले होते. तुमच्यासाठी त्याचा उपयोग असा की निवडलेलं नाव एकटं म्हणून बघू नका, चारही शब्द एका दमात म्हणा. स्काय, मग तुमचं नाव, मग मिस्टरांचं, मग आडनाव. पहिला शब्द एका झटक्यात संपतो आणि पुढचे तीन लांब असतील तर तोल जातो का, हे कानालाच कळतं. फ्लोरा इथेही जरा जास्त ऐसपैस बसते.

तर माझं मत. तुमच्या पाचांतलंच हवं असेल तर स्काय. थोडं पुढे जायची तयारी असेल तर फ्लोरा, आणि मी तुमच्या जागी असते तर हेच ठेवलं असतं. आजेसासूबाईंच्या मायेखातर ठेवायचं असेल तर डेझी, मात्र कागद जपायची जबाबदारी घेऊन.

ठरलं की एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहा, वर देवनागरी, खाली इंग्रजी मोठ्या लिपीत, प्रत्येक अक्षर सुटं. त्याच्या चार झेरॉक्स काढा. एक जिथे जन्माची नोंद झाली तिथे, ग्रामसेवकाच्या किंवा दवाखान्यातल्या नोंदणी करणाऱ्याच्या हातात द्या आणि दाखला छापायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचून बघा, लाजू नका. एक अंगणवाडीताईंना, एक लसीकरणाच्या कार्डात, एक तुमच्या कपाटात. शाळेत घालायच्या दिवशी तोच कागद पुढे करा, तोंडी सांगू नका.

त्याआधी एक करा. तिन्ही नावं आजेसासूबाईंना एकेक करून सांगा, आणि संध्याकाळी त्या ओसरीत बसल्या असतील तेव्हा बाळाला हाक मारायला सांगा. दुरुस्त करू नका, फक्त ऐका. त्यांच्या तोंडून जे येईल ते मला इथे कळवा, मला खरंच ऐकायचं आहे.